खामणेवाडीची लाईन

“प्रिंटर चालतोय, मग नेट कुठं गेलं?” विभागप्रमुख मृत्युंजय सर दारातूनच म्हणाले.

“तेच बघतोय की, सर.” अनुजा टेबलाखाली वाकून बसली होती. इकडच्या बायका-मुलींसारखी ती स्वतःबद्दल बोलतानाही ‘बघतो, करतो’च म्हणायची. “पुढच्या इमारतीत सगळं चालू हाय. अकौंट्सला हाय, चेअरमनसाहेबांच्या केबिनला हाय. तुमच्या विभागाचंच तेवढं गेलंय.”

“आमच्यावरच का राग हाय त्याचा?”

कुणी हसलं नाही. दूध संघाच्या मागच्या इमारतीतला तो पशुवैद्यकीय विभाग. संघाला दूध घालणाऱ्या कुणाचंही जनावर आजारी पडलं की गावाकडून फोन इथे यायचा. अलीकडे हे फोन नेटवरून येत. मुली कानाला हेडफोन लावून ते घेत आणि समोरच्या स्क्रीनवर कुठल्या डॉक्टरची गाडी कुठे आहे ते बघून जवळची गाडी त्या गावाकडे वळवत. आज ऑफिस उघडल्यापासून दोन्ही बंद होतं. फोन करणाऱ्याला तिकडे नुसता एंगेज टोन ऐकू येत असणार, आणि इथे मुली हेडफोन गळ्यात अडकवून एकमेकींची तोंडं बघत बसल्या होत्या.

शिवलीला दाराशी उभी होती. एवढा शांत हॉल तिच्या कानाला बरा वाटत नव्हता.

अनुजा टेबलाखालून बाहेर आली, गुडघे झटकले. “लीलाताई, तुमच्या खोलीत जरा पसारा करावा लागणार.”

“कर की. पसाराच हाय तिथं.”

दोन्ही इमारतींना जोडणारा बोळ जिथे वळतो तिथे शिवलीलाची खोली होती. ऑफिसात सगळे अजून तिला ‘बोर्डाची खोली’च म्हणत. टेलिफोनचा बोर्ड काढून नेला त्याला बरीच वर्षं झाली होती. पण सगळ्या ऑफिसच्या तारा पहिल्यापासून याच खोलीत येत होत्या, म्हणून नेटचं लोखंडी कपाटही इथेच आणून बसवलं. आता भिंतीशी ते कपाट, त्यात निळ्या-पिवळ्या वायरींचे गुंते आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. आणि खिडकीशी शिवलीलाचं टेबल. रजिस्टरला ती अजून टेलिफोन ऑपरेटरच होती. प्रत्यक्षात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, कुरिअर, मीटिंगच्या खोलीची वेळ लावणं, अशी कामं ती करायची. टेबलावर मोरपंखी रंगाचा एक जुना फोन होता. बंद करायचा अर्ज कुणीतरी करायचा राहून गेला, म्हणून तो चालू होता.

अनुजानं कपाटाचं दार उघडलं. नेटवर्कची देखभाल करणाऱ्या कंपनीकडून ती यायची. कामात वाकबगार पोरगी, आणि बोलायला मोकळी.

“सकाळधरनं कोण आलतं का खोलीत? वायर-बियर कुणी काढली?”

“कोण न्हाई. मीच उघडली खोली.”

“मग आत काय नसणार.” तिनं मोबाईलवर टिपून आणलेले आकडे पुन्हा बघितले. “हे बघा ताई. सकाळी मशीन चालू केलं की ते आपल्या मोठ्या मशीनकडं पत्ता मागतंय. मी कोण, आणि भाईर जायचं तर कुठल्या दारानं. आज मागच्या सगळ्या मशिनींना मिळालेला पत्ता आपला न्हाईच. दुसरंच कोणतरी पत्ते वाटायलंय.”

“दुसरं कोण?”

“आपल्या वायरीवर कुणीतरी एखादं डबडं आणून लावलंय. ते सगळ्यांना सांगतंय, भाईर जायचं तर माझ्याकडनं जावा. आणि त्याला स्वतःलाच भाईरची वाट न्हाई. आतल्या आत प्रिंटर चालणार, पर गावात फिरायचं म्हटलं की बंद. मागच्या इमारतीची पत्त्यांची पट्टी वेगळी हाय, म्हणून घोळ तेवढ्यातच ऱ्हायलाय.”

“आता ते डबडं कुठं असंल?”

“एकेक वायर काढायची, हॉलमधल्या मशीनला नवा पत्ता मागायला लावायचं आणि बघायचं. जी वायर काढल्यावर बरा पत्ता येतोय, तिच्या टोकाला चोर.”

बोळाच्या मध्यावर मोनाला उभं केलं. मोना हॉलमधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात खणखणीत आवाजाची मुलगी. अनुजानं पहिली वायर काढली. मोनानं हॉलकडे तोंड करून विचारलं, मग खोलीकडे वळून म्हणाली, “न्हाई.”

अनुजानं ती वायर परत लावली, दुसरी काढली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

त्याची घंटा वाजते हेच दोघी विसरल्या होत्या. शिवलीलानं रिसीव्हर उचलला आणि तोंडातून आपोआप जुनं वाक्य निघालं, “नमस्कार, दूध संघ.”

“हॅलो, संघच न्हवं?” बाईचा आवाज, तरुण, धापा टाकत. “खामणेवाडीतनं बोलतोय. त्यो दुसरा नंबर लागंना झालाय, म्हणून डेरीच्या भिंतीवरचा जुना नंबर लावला. थांबा हं, आत्तींकडं देतो.”

फोन हातातून हातात गेला. बांगड्या वाजल्या. मग दुसरा आवाज आला, जाडसर, थोडा फाटलेला.

“कोण बोलतंय? लीलाबाय हाय काय?”

शिवलीला खुर्चीत नीट बसली. या नावानं तिला हाक मारणारी माणसं हळूहळू कधी संपली ते तिला सांगता आलं नसतं.

“व्हय, मीच. झुंबरआक्का न्हवं?”

“वळाकलंस.” पलीकडे क्षणभर बरं वाटलेलं समजलं. मग आवाज उतरला. “म्हस अडलीया गं. पहाटंपास्नं कळा देतीया. एक पाय भाईर दिसतोय, दुसरा न्हाई. डॉक्टर धाड बाई.”

“धाडतो. लाईन सोडू नकासा.”

तिनं अनुजाला दोन शब्दांत सांगितलं. अनुजानं मोनाला सांगितलं, आणि मोना धावत हॉलमध्ये गेली. थोड्या वेळानं मृत्युंजय सर स्वतः आले, हातात मोबाईल.

“तिघांना लावला. एक चंदगडात हाय. एक फोन उचलत न्हाईत, हात जनावरात असंल. तिसऱ्याला रेंज न्हाई. आज खामणेवाडीच्या बाजूला, भुदरगडकडं, नेमकी कुणाची गाडी गेली ते मशीनवरच हाय.” ते अनुजाकडे वळले. “एक मशीन उचलून पुढच्या इमारतीत लावूया काय?”

“तिथं ते उघडणार न्हाई, सर. तुमच्या विभागाच्या पट्टीवरनंच उघडतंय, तसंच बसवलंय. मला जरा करू द्या. सापडंल.”

“बघ बाई लवकर,” असं म्हणून ते पुन्हा हॉलकडे गेले.

शिवलीलानं रिसीव्हर कानाशी धरला. “आक्का, बघायलेत हितं. डॉक्टर येतोय. तवर पाय कुणी वडू नका. जागा कोरडी करून घ्या, गरम पाणी ठेवा.”

“तसंच केलंय. गणपतरावांनी शिकवल्यालं इसरलो न्हाई.”

‘पाय कुणी वडू नका’ हे वाक्य मुळात संघाचे जुने डॉक्टर गणपतराव यांचं होतं. शिवलीलानं ते इतक्या गावांना इतक्या वेळा कळवलं होतं की आता ते तिचंच झालं होतं.

ती या खोलीत आली तेव्हा तिला धड मराठीही बोलता येत नव्हतं. शिरोळ तालुक्यातलं, अगदी कर्नाटकाला टेकलेलं गाव. घरात आईशी बोलणं कानडीत, शाळेत मराठी, आणि दोन्हींची खिचडी जिभेवर. पहिल्या आठवड्यात तिनं एका गावाला ‘डॉक्टर येतात’ऐवजी कानडीत ‘डॉक्टर बरतारे’ असं सांगून टाकलं, आणि दिवसभर पुढच्या इमारतीतले कारकून येता-जाता खोलीत डोकावून ‘बरतारे काय?’ विचारून हसत राहिले. संध्याकाळी डॉक्टर गणपतराव दौऱ्यावरून आले. उंच, धोतराच्या काळातला माणूस पॅंटमध्ये घातल्यासारखे दिसायचे. ते दाराशी थांबून म्हणाले, “पोरी, तू कुठल्या भाषेत सांगतीस त्याला महत्त्व न्हाई. ज्याचं जनावर मरायला लागलंय त्याला आवाज ऐकू आला पाहिजे. फक्त घाई करून बोलू नकोस. तू घाबरलीस की तो जास्त घाबरतोय.”

दुसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. की हसले असतील आणि तिला ऐकू आलं नसेल.

तेव्हा डॉक्टरांकडे फोन नव्हता. सकाळी त्यांची जीप संघातून निघाली की ती कुठे आहे हे फक्त शिवलीलाला माहीत असायचं. प्रत्येक गावच्या दूध संस्थेत एक फोन. डॉक्टर एका गावातलं काम उरकले की तिथून बोर्डाला लावायचे, “लीला, गणपत बोलतोय. आता कुठं?” मधल्या वेळात आलेले निरोप तिच्या डोक्यात असायचे. कुठल्या गावी गाय फुगली आहे, कुठे वासराला हगवण लागली आहे, आधी कुठे गेलं पाहिजे. ती सांगायची आणि डॉक्टर जायचे. कधी निघून गेलेल्या जीपला परत फिरवायचं असेल तर ती रस्त्यावरच्या पुढच्या गावाला लावायची. खामणेवाडीचा फाटा फुटतो तिथे आकाराम नावाचे संस्थेचे सचिव होते. ते टॉवेल घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि जीप थांबवायचे. पाऊस असला तरी, जेवताना उठावं लागलं तरी.

त्या गावांतल्या एकाही गावात ती कधी गेली नव्हती. नाव ऐकलं की तिला गाव दिसायचं नाही, तिथला आवाज ऐकू यायचा. अमुक गाव म्हणजे खोकणारे सचिव. तमुक म्हणजे मागे सतत पिठाची गिरणी. खामणेवाडी म्हणजे झुंबरबाई, जिचा नवरा गेल्यावर तिनं गोठा एकटीनं सांभाळला आणि जी प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायची, “जेवलीस का गं लीलाबाय?”

महापुराच्या साली शिवलीला चार दिवस घरी गेली नव्हती. दिवसरात्र बोर्ड वाजत होता. कुठे जनावरं दावणीला तशीच आहेत, कुठे होडी हवी आहे, कुठे चारा. तिचं स्वतःचं गाव पाण्यात होतं, आणि आई, रत्नव्वा, घरात एकटी. तिनं गावच्या संस्थेचा नंबर लावून बघितला. नुसता वाजत राहिला. मग दुसरे फोन येत गेले आणि पुन्हा लावायला सवडच झाली नाही. तिसऱ्या दिवशी गणपतरावांचा फोन आला. ते होडीतून जनावरं काढणाऱ्यांबरोबर शिरोळात होते. “लीला, गणपत बोलतोय. तुझी अव्वा शाळेत हाय, माडीवर. मी बघून आलोय. तिनं विचारलं, लीलाला जेवायला मिळतंय काय. मी म्हटलं मिळतंय. मिळतंय न्हवं?” ती हो म्हणाली आणि लगेच दुसरी लाईन घेतली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला कुणी रडताना पाहिलं नाही, कारण वळून बघायला कुणाला वेळच नव्हता.

गणपतराव कोरोनात गेले. ते तिला व्हॉट्सॲपवर कळलं. कुणी फोन केला नाही.

“न्हाई,” बोळातून मोना ओरडली. अनुजानं ती वायर लावली आणि पुढची काढली.

शिवलीलाला वाटलं, आपण काहीतरी करून बघावं. तिनं रिसीव्हर डाव्या कानाशी धरला आणि उजव्या हातानं स्वतःच्या मोबाईलवर एक जुना नंबर दाबला. नंबर तिला पाठ होते. ते कधी विसरायची वेळच आली नव्हती. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाईनं सांगितलं. दुसऱ्या नंबरालाही तेच. तिसरा लागला. मागे गाणी चालली होती.

“दूध संस्था काय?”

“मोबाईल शॉपी हाय, मावशी. राँग नंबर.”

मग तिनं फाट्यावरचा नंबर लावला. आकारामांनी नंतर घेतलेल्या मोबाईलचा. बराच वेळ वाजून तो कुणीतरी उचलला.

“आकारामभाऊ आहेत का? संघातनं लीला बोलतोय. डॉक्टरांची गाडी रस्त्यानं गेली का ते बघायचं हुतं.”

“आप्पा गेले की,” पलीकडचा माणूस म्हणाला. “मागच्या दिवाळीत. तुमास्नी कळलं न्हाई?”

“न्हाई.”

“मी त्यांचा थोरला. म्या आता शेतात हाय बघा. फाट्यावर कोण नसतंय आता. डेरी बी तिकडं वर नेली. काय अडचण हाय का?”

“न्हाई. बघतो आम्ही. ठेवतो.”

तिनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. अनुजा वायर हातात धरून तिच्याकडे बघत होती. ती पुन्हा कपाटाकडे वळली.

“लीलाबाय, हायस का?” रिसीव्हरमधून आवाज आला.

“हाय की. कुठं जातोय.”

“मला वाटलं लाईन कटली. पयल्यासारखी कटत न्हाई आता.” मागे म्हैस एकदा ओरडली. मग झुंबरबाई म्हणाली, “म्या तुला फणस धाडलता. डॉक्टरसाहेबांच्या जीपमधनं. पोचलता का?”

शिवलीलाला हसू आलं. त्याला पंचवीस-एक वर्षं झाली असतील. “पोचलता. सगळ्या जीपला वास मारत हुता. साहेब म्हणाले, आता चार दिवस जनावरं मला बघून हंबरणार.”

“मग सांगितलं न्हाईस ते.”

“दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हटलं, तर तुमचा फोनच आला न्हाई. जनावरं बरी हुती.”

“तेबी खरंच.” झुंबरबाईचा श्वास ऐकू आला. “मऊ निघाला का चांगला?”

“मऊ हुता. सगळ्या हाफिसनं खाल्ला. मला दोन गरं मिळालं.”

“आलं!” बोळातून मोनाचा आवाज आला. “आलं बघ, आलं!”

अनुजानं हातातली वायर लावली नाही. वायरीच्या टोकाला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवरचा आकडा वाचून ती बाहेर पडली. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. एक हेडफोन वाजला, मग दुसरा, मग सगळेच. मृत्युंजय सरांचा आवाज त्या गोंगाटातून वर आला, “आधी खामणेवाडी बघा, बाकीचं राहू दे.” आणि मग स्वतःच बोळातून चालत आले. “ऋतुराज डॉक्टरांची गाडी हाय, पलीकडच्याच गावात. लसीकरणाला गेलेत. ड्रायव्हरशी बोललो. निघाले.”

“आक्का, डॉक्टर निघालाय. शेजारच्याच गावात हुता. येतोय आता.”

“कोण, नवा हाय का?”

“ऋतुराज नाव हाय. नवा हाय, पर हात हलका हाय म्हणत्यात.”

“येऊ दे बाई. राजनंदिनी, रस्त्याकडं जा, गाडी हुकंल त्याची.” सून पळाल्याचा आवाज आला. “लीलाबाय, तू थांब हं. म्या जरा तिच्याजवळ बसतो. ठेवू नगंस.”

“न्हाई ठेवत.”

झुंबरबाईनं मोबाईल कशावर तरी ठेवला, बहुतेक गोठ्याच्या भिंतीवर. तो चालूच होता. म्हशीचा जड श्वास, साखळीची खळखळ, मधूनच म्हातारीचं पुटपुटणं, “माझी बाय ती. थोडं ऱ्हायलंय. थोडंच ऱ्हायलंय.”

अनुजा परत आली तेव्हा तिच्या मागून जोतीराम येत होता. जोतीराम लसींच्या गोदामाचा माणूस. मागच्या इमारतीच्या टोकाला जाड भिंतींची थंड खोली होती, तिथे तो दिवसभर एकटा असायचा. त्याच्या हातात दोन शिंगांचा एक छोटा पांढरा डबा होता. घरी वायफायला असतो तसला.

“हाच,” अनुजा म्हणाली. “सकाळी आल्या-आल्या लावलाय.”

“आत रेंज येत न्हाई की,” जोतीराम म्हणाला. तो शिवाजी पेठेतला, आणि आज दुपारी त्याच्या पेठेच्या फुटबॉल संघाची फायनल होती. “घरात जुना पडल्याला हुता. म्हटलं वायर खोचली की मोबाईलवर मॅच दिसंल. तर माझंबी लागलं न्हाई. सोडून दिला तसाच.”

“वायर चुकीच्या भोकात खोचली तुम्ही. म्हणून तो सगळ्यांचा मालक झाला. पुढल्या टायमाला मला सांगा. रेंजचं मी करून देतो, मॅचसाठी नसली तरी लसींचं थर्मामीटर नेटला जोडायला लागतीयच तिथं.” अनुजानं डबा त्याच्या हातातून घेऊन कपाटावर ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिचा भाऊही त्याच संघातून खेळत होता.

मृत्युंजय सर पुन्हा बोळातून आले. त्यांनी एकदा डब्याकडे, एकदा जोतीरामकडे बघितलं आणि हॉलकडे गेले. जोतीराम मात्र गेला नाही. शिवलीलाच्या कानाशी धरलेल्या रिसीव्हरकडे त्याचं लक्ष होतं.

“कुठली लाईन हाय?”

“खामणेवाडी. म्हस अडलीया.”

“सकाळपास्नं?”

तिनं मान हलवली. जोतीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. स्वतः शेतकऱ्याघरचा, त्याला पुढचं विचारायची गरज पडली नाही.

तिकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. चपलांची धावपळ. एक तरुण आवाज, न ओरडता बोलणारा, “आज्जी, जरा बाजूला व्हा. पाणी द्या. दोरी हाय का?” मग बराच वेळ शब्दच नाहीत. मधूनच “थांब गं, थांब”, तेवढंच. शिवलीलानं इतकी वर्षं निरोप पोचवले होते, पण पोचल्यावर तिथे काय होतं ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर पोचले की लाईन बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी कळायचं, तेही कळलं तर. आता तिला म्हशीचा प्रत्येक श्वास मोजता येत होता. रिसीव्हर धरलेला हात भरून आला, तरी तिनं कान बदलला नाही.

एकदम सगळे बोलायला लागले. काहीतरी ओलं, जड खाली आलं. पाणी ओतलं गेलं. डॉक्टर भराभर काहीतरी चोळत होता, थापट्या मारत होता. मग थापट्या हळू झाल्या आणि थांबल्या.

थोड्या वेळानं मोबाईल कुणीतरी उचलला.

“लीलाबाय.”

“हाय, आक्का.”

“रेडकू न्हाई ऱ्हायलं. डॉक्टर म्हणतोय, पोटातच गेलतं, मघाच.” झुंबरबाईनं नाक ओढलं. “म्हस हाय. उठवून बसवलीया. पाणी प्याली.”

“म्हस वाचली म्हणजे सगळं आलं, आक्का.”

“व्हय. पोरगं चांगलं हाय. घाम पुसतंय अजून. रेडी हुती गं. कपाळावर पांढरं हुतं.”

अशा वेळी गणपतराव काय म्हणायचे ते शिवलीलाला आठवलं नाही, किंवा त्यांनी काही म्हटलेलं तिनं कधी ऐकलंच नसेल.

“तू कवा येतीस?” झुंबरबाईनं विचारलं. “एवढी वर्सं झाली. तुझं त्वांड कसलं हाय तेबी म्हाईत न्हाई मला. घर म्हागल्या अंगाला हाय, कुणाला बी इचार.”

“यीन की.”

“ये. थांब, म्हशीला बगतो जरा.”

मोबाईल पुन्हा भिंतीवर ठेवला गेला. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जोतीराम अजून दाराशी होता. हॉलमधले सगळे फोन चालू झाले होते, मुलींचे आवाज एकमेकांवर चढत होते, प्रिंटर खडखडत होता.

“झालं का नीट?” त्यानं विचारलं.

शिवलीलानं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या हाताला अजून डब्यावरची धूळ लागलेली होती.

“म्हस वाचली,” ती म्हणाली.

त्याचे खांदे सैल पडले. “देवानं केलं,” असं काहीतरी म्हणत तो आपल्या गोदामाकडे गेला. अनुजानं कपाटाचं दार लावलं, बॅग खांद्याला अडकवली आणि शिवलीलाला हातानंच ‘जातो’ म्हणून खूण केली. शिवलीलानं मान हलवली.

तिकडे कुणीतरी अंगणात झाडू मारत होतं. डॉक्टर सुनेला औषध कसं द्यायचं ते सांगत होता. जवळच म्हैस उभी असावी. ती त्या रेडीला चाटत असल्याचं ऐकू येत होतं, सावकाश, पुन्हा पुन्हा, आणि तिला कुणी हटकत नव्हतं. झुंबरबाई तिच्याशी अगदी हळू बोलत होती. शब्द कळत नव्हते.

हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं. शिवलीलानं रिसीव्हरच्या खालच्या टोकावर आपला तळवा घट्ट दाबून धरला, इकडचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून, आणि ती ऐकत राहिली.